मामंजींचं नाव

त्या प्रकरणात कुणाला खरचटलंही नाही. तरी नोकरीतले मोठमोठे खून-दरोडे आता पुसट झाले आणि हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. नावं कुणाचीच देणार नाही. त्या घराने पुरेसं सोसलं आहे.

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूत पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात हद्दीतल्या बंदुकीच्या दुकानाच्या मालकाचा फोन आला. माणूस जुना आणि सावध.

"साहेब, एक गिऱ्हाईक आलंय. परवाना खरा वाटतो, पण नावात स्वल्प गडबड आहे. कॉफी देऊन बसवलंय. लवकर या."

गडबड अशी होती. परवान्यावर आणि रेशनकार्डावर माणसाचं नाव एकच होतं, वडिलांचं मात्र वेगळं; दोन्ही एकाच अक्षराने सुरू होणारी. परवान्यावरचा फोटो शिक्क्याच्या शाईत अर्धा बुडाला होता. ज्या नाक-भुवया दिसत होत्या, त्या समोरच्या माणसाच्याच वाटत होत्या. पस्तिशीचा, स्वच्छ शर्टातला शेतकरी. व्हाइटफील्डच्या पलीकडच्या खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला.

ठाण्यात आणून मी त्याला मराठीतच विचारलं. तो म्हणाला, "टायपिस्टची चूक आहे, साहेब. अर्जावर वडिलांचं नुसतं पहिलं अक्षर होतं. त्यानं मनानंच पुढचं नाव लिहून टाकलं."

हे पटण्यासारखं होतं. आमच्याकडे मराठी माणसाच्या नावाचे कागदोपत्री काय हाल होतात ते मला घरचंच ठाऊक. शाळेत माझं आडनाव गळालं, नोकरीत वडील एका अक्षरावर आले आणि मागे 'राव' चिकटला तो कायमचा. असल्या चुकांसाठी लोकांना आत टाकायचं म्हटलं, तर अर्धं जयनगर कोठडीत बसवावं लागलं असतं.

बंदूक कशाला? रानडुकरं पीक उकरतात. शेत कुठे, पीक कोणतं, सगळं त्याने बरोबर सांगितलं. आयुक्त कार्यालयानेही परवाना खरा असल्याचं कळवलं. हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "सोडून द्या सर, माणूस शांत आहे."

मला तेच खटकत होतं. निर्दोष माणूस ठाण्यात आला की आधी चिडतो, मग घाबरतो आणि घरी निरोप धाडा म्हणून मागे लागतो. याला मी आपणहून विचारलं, तर घाईघाईने म्हणाला, "घरी नको साहेब, म्हातारी आई आहे." मी जीप काढायला सांगितली.

एकाच अंगणात दोन चुलींचं घर होतं. आई उन्हात चिंच फोडत बसली होती. सगळे तिला अक्का म्हणत. मुलाला मी जीपमध्येच बसवून ठेवलं.

"अक्का, हा तुमचा मुलगा?"

"हो की, बाळू माझा. काय केलं त्यानं, अण्णा?"

"त्याचं कागदावरचं नाव सांगा."

तिने पदर तोंडाला लावला. पुन्हा विचारलं, तरी गप्प. म्हातारी काहीतरी लपवते आहे, असं हेड कॉन्स्टेबल कन्नडात माझ्या कानाशी पुटपुटला. मला मात्र माझी आई आठवली. माझ्या आजोबांच्या नावाचा एक भाजीवाला आमच्या दारी यायचा. आईने जन्मभर त्याला नुसतं 'अहो भाजीवाले' म्हटलं.

"मामंजींचं नाव आहे का, अक्का?"

ती हसली. "सरी, बरोबर. कळलं की तुम्हाला. सासऱ्याचं नाव आम्ही कसं घ्यायचं?"

"मग मी वाचतो, तुम्ही मान हलवा." मी परवान्यावरचं नाव वडिलांच्या नावासकट वाचलं.

अक्काने मान हलवली नाही. "हे आमच्या थोरल्याचं. माझ्या जावेचा तो. मामंजी गेले त्याच वर्षी दोघं जन्मले. आपल्या बापाचं नाव दोघा भावांना आपापल्या पोराला हवं, मग दोन्ही पोरांना तेच ठेवलं. जाऊ बाळंतपणात गेली. दोघं माझ्याच अंगावर प्याले."

हे सगळं ती कौतुकाने सांगत होती. जीपमधल्या धाकट्याने डोळे मिटून घेतले.

थोरला शेतातून आला. बंदूक पुढे सवडीने घेऊ म्हणून त्याने परवाना पेटीत ठेवला होता. तो चोरीला गेल्याचं त्याला आमच्याकडूनच कळलं.

ठाण्यात परतल्यावर धाकटा बोलू लागला. व्हाइटफील्डकडे कंपन्यांच्या इमारती उठत होत्या, जमिनीचे दलाल रोज दारात येत होते. जमीन सामाईक होती आणि थोरला विकायला तयार नव्हता.

"नुसता धाक दाखवणार होतो, साहेब."

"मग स्वतःच्या नावावर परवाना का नाही काढलास?"

"नाव तर माझंच आहे."

त्या उत्तराने माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुकानाच्या दप्तरी बंदूक थोरल्याची लागली असती. एखाद्या दिवशी थोरला शेतात मरून पडला असता आणि शेजारी त्याच्याच परवान्यावरची बंदूक सापडली असती. अपघात, नाहीतर आत्महत्या. पंचनामा करून मीच ते प्रकरण मिटवलं असतं. हे मी त्याला तोंडावर ऐकवलं. तो नाही म्हणाला नाही. टेबलावर डोकं टेकून रडू लागला. मला त्याची कीव आली नाही, संताप आला. अजूनही येतो.

परवान्याची चोरी आणि तोतयागिरी सिद्ध झाली. खुनाचा हेतू सिद्ध करता आला नाही. मनातल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही. पण एक धडा मी घेतला. कागदावरचं नाव जुळलं की माणूस ओळखला, असं आपण धरून चालतो. त्यानंतर नावात फरक दिसला की मी दोन प्रश्न जास्तीचे विचारायचो. घरी काय म्हणतात, आणि हेच नाव घरात आणखी कुणाचं आहे? हाताखालच्यांनाही तेच शिकवलं.

खटल्यात अक्काची साक्ष झाली. आरोपीचं नाव काय, असं वकिलांनी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीश समजूतदार होते, पण म्हणाले, "आजी, नाव तोंडानं सांगावं लागेल. त्याशिवाय जबाब लिहिता येत नाही."

अक्काने हात जोडले, "मामंजी, माफ करा" म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव उच्चारलं. अगदी स्पष्ट. पिंजऱ्यातल्या धाकट्याने दचकून वर पाहिलं. मागच्या बाकावरचा थोरला नकळत उठून उभा राहिला.

न्यायाधीशांनी विचारलं, "यातला आरोपी कोणता?"

"दोघं माझेच आहेत, साहेब," अक्का म्हणाली, आणि तिने धाकट्याकडे बोट केलं.