हिरव्या कापडाखालचं मेण

आमच्या ह्यांना दुबईला परत जायचं नव्हतं. बाकी सगळं त्यामागून आलं. लग्न झाल्यापासून आमचा संसार म्हणजे सुट्टीचा संसार. हे यायचे, घरात पाहुण्यासारखे वावरायचे आणि मुलीची भीड चेपेपर्यंत बॅग भरायची वेळ यायची. त्या खेपेला मात्र आले आणि म्हणाले, "आता नाय जायचं. इथंच कायतरी करतो." मी देवापुढे साखर ठेवली. आणि केलं काय या माणसानं? पूल टेबल आणलं.

मी डोक्याला हात लावला. पेणमधला एक क्लब बंद पडत होता, तिथलं जुनं, स्टिकनं बॉल मारून खेळायचं टेबल. आमच्या रोह्यात नदीपलीकडे, अष्टमी गावात सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला गाळा होता, त्यात ते मांडायचं ठरलं. हे दुबईत कामगारांच्या कॅम्पजवळ खेळायला शिकले होते. कंपनीतली शिफ्ट सुटली की रोह्यातल्या पोरांना जायला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, चहाची टपरी टाकली असती तर निदान लोकांनी चहा तरी प्याला असता.

पण टेबल बसवताना त्यांना बघितलं आणि माझी जीभ जरा आवरली. मुंबईहून फिटर आला होता. हिरव्या कापडाखाली लाकूड नसतं हे मला तेव्हा कळलं. तिथे दगडाच्या तीन जाड फरश्या शेजारी शेजारी असतात, त्यांच्या सांध्यांत मेण वितळवून भरतात आणि वरून घासून सपाट करतात. सांधा बोटाला लागता कामा नये. फिटर लेव्हल बघायचा, टेबलाच्या पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवायचा, परत बघायचा, आणि हे त्याच्या मागे ओणवे होऊन उभे. एवढं लक्ष त्यांनी आमच्या लग्नातसुद्धा दिलं नव्हतं.

नंतर दुपारी मला शिकवायला लागले. बॉल नुसत्या नेमानं पडत नाही म्हणे. कापड ताणलेलं आहे का, कोरडं आहे का, कडेच्या रबरात जीव आहे का, बॉल पुसलेत का, यावर सगळं असतं. पॉकेटचं, म्हणजे बॉल पडायच्या भोकाचं, तोंड रुंद असेल तर वाकडा आलेला बॉलही पोटात घेतं, अरुंद असेल तर तो कडेला आपटून परत बाहेर. आमच्या टेबलाची तोंडं अरुंद होती. मी म्हटलं, तुमच्या आईसारखंच आहे, सगळ्यांना घरात घेत नाही. हे पोट धरून हसले. त्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक नसताना मीही चार बॉल मारायला शिकले. नवऱ्याबरोबर मी काही खेळले अशी ती पहिलीच वेळ. खोटं कशाला बोलू, मला ते मेलं टेबल आवडायला लागलं होतं.

पावसाळा लागला आणि टेबल रुसलं. कुंडलिका नदी फुगली, गाळ्याच्या भिंतींना ओल चढली, कापड हाताला दमट लागायला लागलं. बॉल अंगात ताप असल्यासारखे रेंगाळत जायचे आणि पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबायचे. पोरांनी आधी चिडवून घेतलं, मग येईनाशी झाली. स्टेशनकडे कुणी एसी लावून नवीन टेबल टाकलं होतं, तिकडे वळली. एसी आमच्या आवाक्यातला नव्हता. हे दिवसभर फडक्यानं बॉल पुसत बसायचे. दुबईच्या जुन्या फोरमनचे फोन यायला लागले होते, जागा आहे म्हणून. हे उचलायचे नाहीत.

त्यातच ह्यांना तापानं धरलं, अंथरुणातून उठवेना. मी पेणला बाबांना फोन केला. बाबांचं सगळं आयुष्य गणपतीच्या कारखान्यात गेलेलं. त्यांचा ऐन हंगाम, तरी काम टाकून आले, नखांत प्लास्टर तसंच. जावई परत जाऊ नये असं माझ्याइतकंच त्यांनाही वाटत होतं. मला म्हणाले, "तू याच्यापाशी बस गो बाय. गाळ्याचं मी बघतो." मी चावी दिली.

भर पावसात मूर्ती कशी वाळवायची हे पेणच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. ऊन नसलं की खाली शेगड्या पेटवायच्या. बाबांनी तेच केलं. टेबलाखाली कोळशाच्या शेगड्या ठेवल्या, कापडाला झळ लागू नये म्हणून त्या सारख्या हलवत राहिले, वरून उलटा हात फिरवून ओल बघत राहिले. ह्यांचा ताप उतरला तेव्हा मोठ्या कौतुकानं त्यांना गाळ्यात नेऊन म्हणाले, "बघा जावईबापू, पापडासारखं वाळलंय." खरंच वाळलं होतं. बाबा त्याच पावली एसटी धरून पेणला गेले.

ह्यांनी बॉल मारला. मधोमध येईपर्यंत तो सुसाट गेला, तिथे जरासा अडखळला आणि वाट सोडून भलतीकडे गेला. दुसरा मारला, तोही तसाच. हे खाली वाकले. सांध्यातलं मेण वितळून खाली गळलं होतं, फ्रेमला त्याचे ओघळ थिजले होते. थोडं वर कापडातही मुरलं होतं. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, ही म्हण माझ्या ओठांवर आली आणि मी ती गिळली. आता सगळं कापड फाडायचं, फरश्या परत जुळवायच्या, नवीन कापड चढवायचं. ते आमच्यानं होणार नव्हतं.

ह्यांनी फ्रेमवरचा एक ओघळ नखानं खरवडून काढला. मग म्हणाले, "बाबांना यातलं काय पण कळता कामा नये. शपथ हाय तुला." त्या संध्याकाळी त्यांनी फोरमनचा फोन उचलला.

गणपती उरकल्यावर बाबा त्यांना निरोप द्यायला आले. आधी गाळ्यात चला म्हणाले. बॉल पडतात ना आता, असं विचारलं. ह्यांनी एक बॉल मुद्दाम कोपऱ्याजवळ, सांध्यापासून लांब ठेवला आणि मारला. पडला. दुसरा तसाच ठेवला, तोही पडला. बाबांचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला.

"मग जाताय कशाला?"

हे स्टिक पुसत राहिले. "पगार वाढवून देतायत," म्हणाले.

तेव्हापासून बाबांच्या मनातून हे उतरले ते उतरलेच. रविवारी येतात, आमच्याबरोबर जेवतात आणि दर वेळी तेच बोलतात, चालता धंदा सोडून पैशाच्या मागे गेला. फोनवर हे पहिलं विचारतात ते हेच, बाबांना सांगितलं नाहीस ना. मला दोघांचाही राग येतो. एकानं प्रेमापोटी घालवलं, दुसऱ्यानं प्रेमापोटी झाकलं, आणि मी दोघांच्या मध्ये तोंड शिवून बसलेय.

परवा जेवताना मुलगी म्हणाली, "आई, पप्पांना आपल्यापेक्षा पैसे जास्त आवडतात ना?"

समोर बाबा वरणभात कालवत होते. मी म्हटलं, जेव गुपचूप.