तोंडी परीक्षेतली खडी गंमत

आमच्या नाटकाच्या बॅचमधल्या कुणाचंही लग्न असो, पंगत उठली तरी आम्ही उठत नाही. किस्से! दर लग्नाला त्यात भर पडते. दोन-तीन तर घडलेलेच नाहीत, पण इतक्यांदा सांगून झालेत की आता ते आम्हालाच आठवतात. एक मात्र मी अजून कुणाला सांगितलेला नाही. तो सगळ्यात शेवटी सांगतो, तोवर धीर धरा.

*

अकरावीला आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात नाटक हा विषय नवीनच आला होता. आम्ही सात जणांनी घेतला. खरं कारण सांगू? नाटक नाही घेतलं तर अर्थशास्त्र घ्यावं लागणार होतं!

आमच्यातला सगळ्यात वांड प्रफुल्ल. त्याच्या आजोबांनी विचारलं, "नाटकाचाबी पेपर असते काय?"

"हो आबाजी, असते."

"मंग काऊन घेतलं बे? फायदा का झाला!"

*

आमची वर्ध्याजवळच्या आंजीला भाजीची शेती. मी विषय सांगितला तेव्हा बाबा वांग्यांना पाणी देत होते. फावडं टाकून म्हणाले, "त्या पुस्तकात खडी गंमत हाये काय?"

होती. लोकनाट्याच्या धड्यात एक परिच्छेद. उभ्या-उभ्या चालणारा आमच्याकडचा खेळ. ढोलकी, गाणी, चावट सवाल-जवाब, आणि बाईचं काम करायला पुरुषच. बाबा तरुणपणी त्यात बाई व्हायचे. गावोगाव नाव होतं म्हणे. मला मात्र शाळेतली पोरं त्यावरूनच चिडवायची.

बाबांनी तो परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला. संपला तेव्हा हिरमुसले. "बस, येवढंच? सरले सांगजो, मी येऊन दाखवतो म्हना पोराईले. लुगडं हाये अजून माह्याजवळ."

"सांगतो," मी म्हणालो.

दोन वर्षं सांगितलं नाही. ते अधूनमधून विचारायचे, मी म्हणायचो, सर सध्या बिझी आहेत. सर कसले बिझी! मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

*

सरांनी वास्तववादी शैली शिकवली तेव्हा बजावलं, "स्टेजवर सगळं खरं वाटलं पाहिजे." प्रवेश होता म्हातारा जेवता-जेवता मरतो त्याचा. म्हातारा प्रफुल्ल, बायको वंदना. वंदना आमच्यातली सगळ्यात सिन्सिअर. तिनं चौकातल्या टपरीवरून खरे तर्री-पोहे आणले, लालभडक! प्रफुल्लनं दोन प्लेटा हाणल्या आणि ठरल्या वाक्याला व्यवस्थित मेला. वंदनानं हंबरडा फोडला. तेवढ्यात मढ्याला उचकी लागली.

एक. दोन. तिसऱ्या उचकीला वंदनानं रडणं थांबवलं आणि सरांकडे पाहिलं.

"सर, रडू का पानी देऊ?"

*

मग पथनाट्य. रोहणा गावच्या बाजारात दारूबंदीवर. प्रफुल्ल दारुड्या होऊन झोकांड्या खात होता, तेवढ्यात गर्दीतून एक खराच टुन्न माणूस आत शिरला. प्रफुल्लला बाजूला सारून त्यानं बायकोची माफी मागितली, रडला, एक गाणं म्हटलं आणि निघून गेला. टाळ्याच टाळ्या! खाली बसलेली एक आजी सरांना म्हणाली, "तो पोरगा चांगला करते. त्याले बक्षीस देजा!"

*

कॉलेजात स्टेज होतं, पडदा नव्हता. सर म्हणाले, "घरून एकेक जुनं लुगडं आणा, जोडून पडदा करू."

आईच्या लुगड्यांच्या केव्हाच गोधड्या झाल्या होत्या. मी पेटी उघडली. तळाशी एक हिरवं निघालं, लाल काठाचं. आई म्हणाली, "थे नोको नेऊ रे. बाबाचं हाये थे."

"आता कोन नेसते थे?"

बाबा बाजारात भाजी विकायला गेले होते. मी घेऊन गेलो. वंदनानं ते मधोमध कापलं, अर्धं डाव्या पडद्याला, अर्धं उजव्या.

गॅदरिंगच्या प्रयोगाला घंटा झाली आणि पहिल्या रांगेतून वंदनाची आई ओरडली, "अवो, हे तं माह्यं लुगडं! वंदने, मले तं म्हने वाऱ्यानं उडालं!" अख्खा हॉल हसत होता. नाटक दहा मिनिटं उशिरा सुरू झालं. हा आमचा हिट किस्सा आहे, प्रत्येक लग्नात होतो. मीही हसतो. त्या दिवशी आंजीचा बाजार होता, म्हणून बाबा आले नव्हते.

*

बारावीची प्रॅक्टिकल. बाहेरचे परीक्षक. बाबा मला गाडीवर सोडायला आले होते, सोबत सरांसाठी वांगी-टमाटरची पिशवी. सकाळीच पडद्याची कप्पी तुटली होती. सर बाबांना म्हणाले, "काका, आजचा दिवस पडदा ओढता का जरा?"

बाबांनी चपला बाहेर काढल्या, स्टेजला हात लावून कपाळाला लावला आणि विंगेत जाऊन उभे राहिले. पडद्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोरी धरली.

नाटक छान झालं. लगेच तिथंच स्टेजवर तोंडी. लोकनाट्यावर पाच मार्क. परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या भागातली खडी गंमत. ती करणारं कुणी ओळखीत आहे? कुणाशी बोललात?"

सहा जणांनी नकारार्थी माना हलवल्या. माझी पाळी आली. बाबा माझ्यापासून चार पावलांवर होते. दोरी हातातच होती. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला, सदऱ्याचं वरचं बटन लावलं.

मी म्हणालो, "नाही सर. ती माणसं आता उरली नाहीत."

"खरं आहे," परीक्षक म्हणाले. "वाईट वाटतं. पण उत्तर छान दिलंस." पाचपैकी पाच.

बाहेर आम्ही पोरं कट्ट्यावर बसलो. प्रफुल्लनं परीक्षकांची नक्कल केली, मी पोट धरून हसलो. बाबा बऱ्याच वेळानं आले. गाडीला किक मारली. अर्ध्या रस्त्यात पुढं बघतच ते म्हणाले,

"हिरवं लुगडं काठापाशी उसवलं होतं. तू दोस्ताईसंग होता, तवा त्या वंदनाजवळून सुई-दोरा घेतला अन् टाके मारून देल्ले. आता टिकते पडदा."