सुनेचा ओंडका आणि गल्लीचा रस्सा

माझी सून परदेशी, पार उत्तरेकडची. तिच्या मुलखात थंडीतला सूर्य म्हणजे घाईतला जावई. चहाला टेकतो न टेकतो तोच निघाला! लग्नानंतर कोल्हापुरातला तिचा तो पहिलाच डिसेंबर. माहेरची माणसं सूर्य, झाडं आणि माती यांनाच देव मानणारी. तिनं हे सांगितलं तेव्हा आमची सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, "मग ह्यात येगळं काय हाय? आम्ही तरी दुसरं काय करतोय?"

वर्षातली सगळ्यात मोठी रात्र सुरू होताना हे लोक एक ओंडका पेटवतात, सूर्याला माघारी बोलवायला. पण काडीपेटीनं नाही. गेल्या वर्षीच्या ओंडक्याचा जळका तुकडा जपून ठेवायचा, तो फुलवायचा आणि त्यावर नवा पेटवायचा. आजीच्या काळापासूनची ती आग. जळकं लाकूड घेऊन विमानात कोण चढू देतो? तुकडा माहेरीच राहिला.

"तुकडा न्हाय, म्हंजे माझी आग हितं पोरकीच की, मामा," असं म्हणून सून ताटावरून उठली. मराठी ती सौ.कडून शिकलेली, त्यामुळे रडायची तेही कोल्हापुरी.

तुकड्याचं मला काही सुचेना, म्हणून निदान ओंडका तरी जंगी आणू म्हटलं. बिद्रीकडच्या भावाच्या रानातून वाळलेली बाभळ आणली. एवढी जड, की टेम्पोची पुढची चाकं हवेत आणि वजनाला ड्रायव्हर टपावर. पटत नसेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. मी सांगून ठेवलंय त्याला.

गल्लीनं विचारलं, "मामा, काय बेत?"

"उद्या सांजंला सूनबाईची शेकोटी. या सगळी!"

इथंच घोटाळा झाला. थंडीत लाकूड आणि चार माणसं एकत्र दिसली की कोल्हापूरकराला पातेलं आपोआप दिसायला लागतं.

दुसऱ्या दिवशी सौ.ला आणि सुनेला घेऊन आंब्याचे डहाळे आणि शेवंती आणायला गेलो. परत येतो तर घरामागच्या मोकळ्या जागेत गल्लीतलं अख्खं रस्सा मंडळ जमलेलं! म्हैस पोहेल एवढं पातेलं, आणि खाली जळतोय आमचा ओंडका, अर्धा फोडून.

शेजारचा पैलवान पळी हलवत म्हणाला, "मामा, लाकूड झकास हाय की! मटान बघा कसं शिजलंय!"

"मुडद्यांनो, ती पूजा हुती!" सौ. कडाडली.

पळी थांबली. एकानं घाबरून पाण्याची बादली उचलली.

"पाणी नगो!" सून ओरडली. तिनं चुलीतून एक जळका तुकडा ओढून काढला, फुंकर घातली. लालभडक फुलला.

मी हळूच म्हणालो, "पर हा गेल्या वर्षीचा न्हाय, पोरी."

तिनं तुकड्यावर आणखी एक फुंकर घातली. "आजीच्या आजीनं पैला तुकडा कुठनं आणला आसंल, मामा? कुणाच्या तरी चुलीतनंच की!"

उरलेला अर्धा ओंडका फुलांत मांडला. दिवस मावळताना तिनं त्या तुकड्यावर तो पेटवला आणि तिच्या भाषेत काहीतरी गायली. कुणाला एक अक्षर कळलं नाही; सगळे हात जोडून उभे, पैलवान तर पळीसकट. गाणं संपल्यावर काय म्हणायचं ते गल्लीला ठाऊक नव्हतं, म्हणून जे येत होतं ते म्हणाली: "चांगभलं!" पन्हाळ्यावरची वटवाघळं उठली असणार.

मग वाटी भरून तांबडा रस्सा प्यायली सूनबाई. डोळ्यांतून धारा, नाक लाल, आणि हसतेय.

"मामा, सूर्य आला माघारी," ती म्हणाली. "पोटात उगवलाय."