नादियाचा उजवा कान

नादिया बोयचुक बर्फावर उभी राहून ओरडली की गावाबाहेरच्या धान्यकोठारावरची कबुतरं उडायची, असं तिचा नवरा ऑरेस्ट सांगायचा. त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नाही. सस्कॅचवान प्रांतातल्या त्या टीचभर गावात थंडीत करायला दुसरं होतं तरी काय? कर्लिंग. एकीने जडशीळ दगड बर्फावरून सोडायचा, दोघींनी त्याच्यापुढे पळत झाडू मारायचा म्हणजे तो लांब जातो, आणि पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळात उभं राहून संघनायिकेने हुकूम सोडायचे. ती जागा नादियाची. आपले दगड ती आधीच टाकून मोकळी व्हायची, म्हणजे शेवटचा हुकूमही तिचाच.

जानेवारीत तिचा उजवा कान पिकला. औषधाने ठणका गेला, ताप गेला, पण कान काही उघडेना. आत कुणी कापसाचा बोळा कोंबून निघून गेल्यासारखं वाटायचं, आणि संध्याकाळ झाली की त्याच बाजूचं डोकं धरायचं. दवाखान्यातल्या नर्सने कानात बघितलं.

"जंतू गेलेत, काकू. पडद्यामागे पाणी साचलंय, ते आपलं आपण उतरेल. पण आठवडे लागतात. नाक दाबून जोर लावू नका. पुन्हा ताप आला, गरगरलं, किंवा महिना उलटूनही असंच राहिलं, तर परत या."

"आणि तोवर मी काय करू?"

"वाट बघा."

वाट बघणं नादियाला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. तिने च्युइंगम चघळलं, वाफारे घेतले, आणि जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते तर उठता-बसता केलं. ऑरेस्टने आपल्या आईचा उपाय काढला: लसूण भाजून, ठेचून मोज्यात भरायचा आणि कानाला बांधायचा. कानाला काही फरक पडला नाही. उशीला मात्र पडला.

खरी धास्ती वेगळीच होती. स्वतःचाच आवाज तिच्या कवटीत घुमायचा. जरा मोठ्याने बोललं की टाळूपर्यंत कळ जायची. हे संघात फुटलं असतं तर तिची जागा लोर्नाकडे गेली असती. लोर्ना झाडू मारायची. नादियाची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि त्या वर्तुळावर कित्येक हिवाळे डोळा ठेवून बसलेली. म्हणून नादियाने कुणालाच ताकास तूर लागू दिली नाही.

शेजारच्या गावाशी सामना होता त्या दिवशी ती कानटोपी खाली ओढूनच आली. लोर्नाने हवा हुंगली.

"इथं कुणी लसूण घालून पिरोगी तळतंय का गं?"

"गप बस. खेळाकडे बघ."

सामना अटीतटीचा झाला. आपण घसा फोडतोय आणि या दोघी ढिम्म, हे नादियाला बराच वेळ खुपत होतं. शेवटचा दगड सुटला तेव्हा तो कमी पडणार हे तिने तिथूनच ओळखलं. मारा, झाडू मारा, असं ती ओरडली आणि आवाज डोक्यात असा दणाणला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोघी मात्र दगडाला फिरायला नेल्यासारख्या संथपणे चालत आल्या. दगड वर्तुळाच्या तोंडाशी येऊन थांबला. सामना गेला.

"कान फुटलेत का तुमचे?" नादिया कडाडली. निदान तिला तरी तसं वाटलं.

"काय म्हणालीस?" लोर्ना जवळ आली. "अगं, मोठ्याने बोल की. मघापासून नुसती पुटपुटतेयस. आम्हाला वाटलं, प्रार्थना चाललीय."

समोरच्या संघातल्या बायकाही हसू दाबत होत्या. तेव्हा कुठे नादियाच्या डोक्यात प्रकाश पडला. जो आवाज तिला गडगडाट वाटत होता, तो बहुतेक तिच्या टोपीबाहेर पडतच नव्हता.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं हा रिवाज. पेले समोर आले, आणि नादियाने सगळं सांगून टाकलं. कान, डोकं, अगदी मोजासुद्धा. बोलता बोलता तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता.

"गुरुवारी वर्तुळात तू उभी राहा," ती लोर्नाला म्हणाली. "मी झाडू मारते."

"वाकशील आणि गरगरून पडशील. मग दगड सोडून तुलाच सरकवत न्यावं लागेल." लोर्नाने खुर्ची ओढून नादियाच्या डाव्या बाजूला आणली. "तू तिथंच उभी राहा. नुसता हात कर. ओरडायचं ते मी ओरडते."

"आणि कान उघडलाच नाही तर?"

हे तिने नर्सला विचारलं नव्हतं, ऑरेस्टलाही नाही.

"महिना झाला ना? आधी त्या नर्सकडे जा. आणि नाहीच उघडला तर मी ओरडेन जन्मभर," लोर्ना म्हणाली. "पण दगड कुठं थांबणार ते मला कधी कळलंच नाही, नादिया. तुला तो सुटल्या सुटल्या कळतं. मी आजवर तुझ्या भरवशावर झाडू मारलाय."

नादियाने हे डाव्या, धड कानाने स्वच्छ ऐकलं. तरी तिने कानामागे हात धरला आणि लोर्नाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.