मोटर चालू केली का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सचिनला नाही, सेंटरच्या मॅडमना नाही. देवळात गेले तर तिथेही हे सोडून बाकी सगळं बोलून येते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — एखाद्याला ओळखत नाही असं म्हणणं किती सोपं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे म्हणून.

मी बडबडी आहे, आधीच सांगते. मावशी म्हणायची, हिच्या तोंडाला झाकण म्हणून नाही. पण एका गोष्टीवर झाकण होतं, आणि तेही मावशीनंच घट्ट बसवलेलं. मला जन्मापासून एचआयव्ही आहे. आई-बाबा त्यातच गेले. मी मावशीकडे वाढले, आणि राहिले, कारण मला वेळेवर गोळ्या मिळाल्या. रोज एक गोळी, न चुकता. इतकी वर्षं घेतल्यावर आता माझ्या तपासणीत विषाणू सापडत नाही, माझ्यापासून कुणाला लागण होत नाही. अंबडला एका कंपनीत क्वालिटीला नोकरी करते. डबा, बस, पंचिंग, सगळ्यांसारखंच.

या गोळ्या जिथून मिळतात त्या सेंटरनं आमच्यासारख्या तरुण मुलामुलींसाठी मोबाईलवर एक ॲप काढलं, तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. गोळीच्या वेळेला फोनमधून आवाज यायचा होता. यंत्राचा नको, माणसाचा हवा. तुझा आवाज खणखणीत आहे गं, तूच दे, म्हणाल्या. मी काय, हरभऱ्याच्या झाडावरच चढले! पण बोलायचं काय? घरात चार माणसं बसलेली असताना फोन ‘गोळी घे’ म्हणाला तर झालंच कल्याण. आम्ही बसून डोकं लढवलं. मी सुचवलं, ‘पाण्याचा फिल्टर लावला का?’ तशी सगळ्या फिदीफिदी हसल्या — फिल्टर कुणाच्या घरी आहे ताई? मग नांदगावकडची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे दिवसभर एकच आरडाओरडा चालतो, लाईट आली, मोटर चालू केली का? त्यावर कुणाचं लक्षच जात नाही.

तेच ठरलं. मी रेकॉर्ड केलं, “मोटर चालू केली का? — केली काऽऽ?” दुसरं ‘केली का’ मी जरा लांबवलं. ती माझी खोड. गोळी घेतली की ॲपमध्ये हिरवा ठिपका दाबायचा. ॲपमध्ये खरी नावं कुणाचीच नव्हती. मी तिथे सई ताई. माझ्याकडे आठ मुली होत्या. त्यांचे ठिपके बघायचे, कुणी गळपटली तर दोन शब्द बोलायचे, एवढंच काम. आणि पहिल्या दिवशीचा नियमही माझ्याच आवाजात होता — आपण एकमेकींचं गुपित जपायचं, काही झालं तरी.

काही झालं तरी! किती झोकात म्हटलं होतं मी ते.

त्या आठात एक टिकली होती. हे नाव तिनंच घेतलेलं. पेठकडची, अठरा-एकोणीसची, आई-वडील नाहीत. टायपिंगचा तिला कंटाळा, म्हणून बोलून पाठवायची, “ताई, लावली बरं का मोटर.” छाटणीपासून काकाच्या टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला यायची. टोळीत कुणाला माहीत नव्हतं. एकदा तिनं सांगितलं होतं, संध्याकाळी तुमचा आवाज आला की मी हंडा घेऊन बाहेर पडते, नळापाशी गोळी घेते आणि पाणी भरून परत येते. दिवसभरात तेवढंच मला माझ्याशी कुणी बोलल्यासारखं वाटतं, असंही म्हणाली होती. एकही ठिपका चुकवला नव्हता पोरीनं. मी कधी कधी तिची उदाहरणं इतरांना द्यायचे.

आता सचिनबद्दल. आमचं लग्न ठरत होतं. त्याला मी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. तो माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आला, प्रश्न विचारले, आणि बाहेर येऊन म्हणाला, चल, मिसळ खाऊ. असा तो. पण त्याच्या आईला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. निदान इतक्यात नाही. त्यांची दिंडोरीजवळ बाग आहे. त्या हिवाळ्यात काकूंनी — तेव्हा मी त्यांना काकूच म्हणायचे — मला बाग बघायला बोलावलं. म्हणजे खरं तर मला बघायला.

मी चांगली साडी नेसून बांधावर उभी होते. मांडवाखाली बायका विरळणी करत होत्या, घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढत होत्या. सचिन लांब विहिरीकडे गेलेला. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “लाईट आली वाटतं. जरा हाक मारून विचार गं त्याला, मोटर चालू केली का.”

मला कौतुक करून घ्यायची केवढी घाई! आवाज दाखवायचा होता मला. तोंडाशी हात धरले आणि ओरडले, “मोटर चालू केली काऽ? — केली काऽऽ?”

तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. अगदी तस्सं. ते शेवटचं लांबवणंसुद्धा.

मांडवाखालून एक मुलगी बाहेर आली. हातात कात्री तशीच. काळी-सावळी, बारकी, कपाळावर मोठी टिकली. आणि चेहऱ्यावर — कसं सांगू? माहेरचं माणूस अचानक दारात दिसावं, असं हसू. जवळ येऊन म्हणाली, “सई ताई?”

मला हसता आलं असतं. काहीतरी थाप मारता आली असती. हो गं, शाळेतली ओळख, म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? कुणी विचारणार होतं का कुठली शाळा? पण नाही. म्हटलं, “कोण सई? मी नाही ओळखत तुला.”

ती गोंधळली. “आवाज तोच हाय,” म्हणाली, “मोबाईलमधला.”

काकूंनी लगेच विचारलं, कुठला मोबाईल, कसला आवाज? आणि मी हसून म्हणाले, “हल्लीच्या पोरी काय काय ऐकतात मोबाईलवर, काकू. कुणाकुणाशी बोलतात. मुकादमाला सांगा लक्ष ठेवायला.”

एवढंच. दोन-तीन वाक्यं. नुसतं ‘ओळखत नाही’ म्हणून थांबले असते तर एक भित्री मुलगी ठरले असते, बाकी काही नाही. पण मला तिला माझ्यापासून लांब ढकलायचं होतं, म्हणून मी तिच्यावर चिखल फेकला.

मुकादम म्हणजे तिचा काका. तो आला, आवाज चढवून विचारायला लागला, कोण आहे मोबाईलवर? कुणाशी बोलतेस? तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला सगळं समजलं होतं, त्या नजरेत दिसलं मला. ती एका वाक्यात मला उघडं पाडू शकत होती. पण मान खाली घालून म्हणाली, “माझीच चूक झाली. दुसऱ्याच बाईचा आवाज व्हता.” काकानं तिचा फोन काढून घेतला. सगळ्यांनी समजायचं ते समजून घेतलं, की पोरीचं कुठेतरी सूत जुळलंय. तिनं तेही अंगावर घेतलं. माझा नियम तिनं पाळला. मी त्या दिवशी काकूंच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी ठिपका नव्हता. तिसऱ्या दिवशी नाही. मग नाव लाल झालं. त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला, खुशीत होत्या — तू म्हणालीस ते बरं झालं गं, आता तिला एकटीला हंडा घेऊनसुद्धा बाहेर सोडत नाहीत.

हंडा घेऊनसुद्धा. त्या एका शब्दाचा अर्थ त्या सगळ्या बागेत कुणाला माहीत नव्हता. मला माहीत होता.

मॅडमनी तिच्या नंबरवर फोन केले, बंद लागला. मग आम्हा ताई लोकांच्या ग्रुपवर विचारलं, टिकली कुठल्या बागेत कामाला आहे, कुणाला काही कल्पना? मला बाग माहीत होती. बांध माहीत होता. मॅडम अशा कामात हुशार, आरोग्य तपासणीच्या निमित्तानं सगळ्या टोळीला गाठलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. पण मला विचारलं असतं ना, तुला कसं माहीत? मी लिहिलं, ‘नाही मॅडम.’ वर हात जोडलेलं चित्रही टाकलं.

एकदा नाही. मॅडमनी तीनदा विचारलं. मी तीनदा तेच लिहिलं. तोडणी संपली, टोळी गावी गेली, मी लग्नाच्या साड्या घेतल्या.

टिकली शिमग्यानंतर बऱ्याच दिवसांनी सेंटरला आली, एकटी, एसटीनं. मी तेव्हा तिथे नव्हते. मॅडमनी सांगितलं, वजन फार उतरलंय, खोकला धरलाय, टीबीचे उपचार चालू केलेत, आधीची गोळी आता तिला लागू पडत नाही, बदलावी लागली. एवढे दिवस का गं थांबलीस, विचारलं तर म्हणाली, फोन पाण्यात पडला. तिथेही तिनं माझं नाव घेतलं नाही. कुणीतरी जुना मोबाईल दिला, मॅडमनी पुन्हा ॲप टाकून दिलं. आता ती दुसऱ्या ताईकडे आहे, तिनंच मागितली. पण आम्हा ताईंना सगळ्यांचीच यादी दिसते. तिचा ठिपका रोज येतो. नावापुढे सेटिंग दिसतं मला — आवाज: बंद.

बाकीच्या सात जणींना माझा आवाज अजून जातो. मी तो बदलून घ्या म्हणाले नाही. म्हणाले असते तर कारण द्यावं लागलं असतं.

लग्नाला आता दोन वर्षं झाली. सुट्टीला आम्ही बागेवर जातो. लाईट आली की सासूबाई सवयीनं म्हणतात, विचार गं त्याला, मोटर चालू केली का. मी हाक मारत नाही. चप्पल घालते आणि विहिरीपर्यंत चालत जाते, मांडवाखालून, विरळणी करणाऱ्या बायकांच्या मधून. सासूबाईंना त्याचं फार कौतुक. आल्यागेल्याला सांगतात, आमची सून कधी आवाज चढवून बोलत नाही.