मागची चाकं आणि मूठभर वाळू

"बोल्ट किती निघाले?" परेरा अंकलनी विचारलं.

"चार, अंकल."

"मी तीनच बघितले."

गाडी लिफ्टवर होती. खाली मी, आणि माझ्यापासून दोन हातांवर प्लास्टिकच्या स्टुलावर अंकल. बोरिवलीच्या माझ्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक सहसा बाहेर बसतं, मोबाइल बघतं. अंकल सकाळी मनोरीहून गाडी घेऊन आले ते थेट लिफ्टखालीच बसले. काढलेला प्रत्येक पार्ट त्यांना गोणीत भरून घरी न्यायचा होता. मी चौथा बोल्ट ट्रेमधून उचलून दाखवला तेव्हा त्यांनी मान हलवली.

त्यांच्या संशयाचा मला राग आला नाही. त्या दिवशी मीही संशयातच काम करत होतो. फक्त माझा संशय त्यांच्या जावयावर होता.

गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह. म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना जाऊ शकतो. गाडीच्या पोटाखालून एक लांब शाफ्ट मागे जातो आणि त्याच्या टोकाला कपलिंग असतं. पुढची चाकं घसरायला लागली की हे कपलिंग आवळतं आणि मागच्या चाकांना जोर देतं. एरवी ते जवळजवळ मोकळं असतं. मनोरीत अंकलची दोन कॉटेज आहेत, भाड्याने देतात. शेवटची पन्नास पावलं निव्वळ वाळूची गल्ली. म्हणून त्यांनी मुद्दाम ही गाडी घेतली होती.

आता वळण घेताना मागून गुरगुर यायची आणि गाडी हिसके द्यायची. मी तपासलं. कपलिंग जळलं होतं. तेलाला करपलेला वास. नवीन कपलिंग परदेशातून मागवावं लागणार, आणि ते कधी येईल याची खात्री कोणी देईना.

"मग मागची चाकं बंदच करून टाक," अंकल म्हणाले. "पुढच्या दोनवर चालेल ना?"

चालते. शाफ्ट काढून टाकायचा, कपलिंगचा फ्यूज काढायचा. काही गाड्यांत शाफ्ट नुसता आत सरकवलेला असतो, तो काढला की तेल गळतं, मग तिथे झाकण बसवावं लागतं. या गाडीत तो बोल्टने आवळलेला होता, त्यामुळे तो त्रास नव्हता. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा मात्र कायम जळत राहणार होता, तेही मी सांगितलं. कामाबद्दल मी सगळं खरं बोललो. खोटं बोललो ते कारणाबद्दल. तेव्हा मला ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने.

झालं असं. शाफ्ट काढताना खालच्या प्लेटवरून वाळू पडली. मूठभर असेल. माझ्या डोक्यात लगेच गोष्ट तयार झाली. गाडी किनाऱ्यावर नेली, चाकं वाळूत रुतून गरगर फिरली, कपलिंग तापून जळलं. असं होतं, मी पाहिलंय. मी वाळू वर्तमानपत्रावर गोळा केली आणि अंकलच्या पुढ्यात धरली.

"गाडी कोण चालवतं?"

"मी. आणि नेल्सन." नेल्सन म्हणजे जावई. वय चाळीसच्या आसपास. नोकरी गेल्यावर बायकोसह सासऱ्यांकडे राहायला आलेला. पाहुण्यांना भाईंदर स्टेशनवरून आणणं, सोडणं हे त्याचं काम.

"मग नेल्सनला विचारा, बीचवर कितीदा मजा केली."

अंकलनी कागदाची पुडी केली आणि खिशात घातली. मला तेव्हा बरं वाटलं. चोर पकडून दिल्यासारखं.

दुपारपर्यंत काम झालं. चक्कर मारून आलो, गाडी गुपचूप. गोणी डिकीत ठेवताना अंकल म्हणाले, "आता सगळा जोर पुढच्या चाकांवर. टायर नीट बघून घे."

मी गेज घेतलं. टायरची नक्षी किती खोल उरली आहे ते मोजायची छोटी पट्टी. पुढे सात मिलिमीटर. मागे जेमतेम दोन.

मी पुन्हा मोजलं. मग आठवलं. गेल्या दिवाळीच्या आधी पुढचे दोन टायर मीच बदलले होते. आम्हा गॅरेजवाल्यांची सवयच आहे ती. पुढचे दोन आत्ता, मागचे पुढच्या वेळी. साध्या गाडीत त्याने फार बिघडत नाही. पण ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये चारही टायर सारखे लागतात. झिजलेला टायर नव्यापेक्षा थोडा लहान, म्हणजे तेवढ्याच अंतरात तो जास्त फिरतो. गाडीला वाटतं, चाकं घसरतायत. मग एरवी मोकळं असणारं कपलिंग सरळ रस्त्यावरही आवळत राहतं आणि तापत राहतं. वाळू नाही, काही नाही. भाईंदर ते मनोरी, रोज थोडं थोडं, मी लावलेल्या टायरांनी ते जाळलं होतं.

"ठीक आहे ना?" अंकलनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"नेल्सनच्या हातात आता किल्ली देत नाही," ते म्हणाले. मी मान डोलावली. ते डोलावणं मला अजून बोचतं.

चार दिवसांनी नेल्सनचा फोन आला.

"सावंत, एक विचारतो. खरं सांगशील?"

"बोल ना."

"मी गाडी एकदाच बीचवर नेली होती रे. पाहुण्यांच्या पोरांनी हट्ट केला म्हणून. पाच मिनिटं. तेवढ्याने जळतं का? अंकल बोलत नाहीत माझ्याशी. बायको म्हणते, नाहूरला तिच्या बहिणीकडे राहायला जाऊ या. तू हो म्हण, मी माफी मागतो आणि विषय संपवतो."

मी नुसतं हो म्हटलं की झालं असतं. तो माफी मागायला तयार होता. कोणालाच कधी कळलं नसतं.

"हॅलो? सावंत?"

"माफी मागू नकोस. मी येतो."

मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या बोटीत बाइक चढवली. गेज खिशात होतं. अंकल व्हरांड्यात बसले होते, नेल्सन पायरीवर, दोघांची तोंडं दोन दिशांना. मी आधी गाडीपाशी बसलो आणि अंकलना बोलावून पुढचा टायर मोजून दाखवला, मग मागचा. आणि सगळं सांगितलं.

"हे टायर तू लावलेस," अंकल म्हणाले.

"हो."

"आणि त्या दिवशी मोजलेस तेव्हा कळलं तुला."

"हो."

"मी समोर बसलो होतो, सावंत. बोल्ट मोजत." ते हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "साला, भलतंच मोजत बसलो."

"मग ती वाळू?" नेल्सनने विचारलं.

"तुमच्याच गल्लीतली. कोणत्याही दिवशी निघाली असती."

अंकल आत गेले. येताना त्यांच्या हातात जॅमची बाटली होती. तळाला माझी वाळू. पुडी फाटेल म्हणून त्यांनी ती बाटलीत भरून ठेवली होती, येईल त्याला दाखवायला. शेजाऱ्यांना, भावाला, चर्चमधल्या दोघांना दाखवून झाली होती.

"ही घेऊन जा," ते म्हणाले. मग गाडीची किल्ली नेल्सनच्या शेजारी पायरीवर ठेवली. नेल्सनने ती उचलली नाही. मी निघालो तेव्हाही ती तिथेच होती.

मागचे दोन टायर मी बदलून दिले. कपलिंग कुर्ल्याच्या भंगारात शोधतोय, अजून मिळालेलं नाही. गाडी दोन चाकांवर चालते, गल्लीत कधीकधी रुतते आणि दोघं मिळून ढकलतात, असं ऐकलं.

आता माझ्याकडे गाडी आली की आधी चारही टायर मोजतो आणि मगच विचारतो, कोण चालवतं. बाटली गेजच्या शेजारी फळीवर आहे.

गेल्या महिन्यात नेल्सन सर्व्हिसिंगला गाडी घेऊन आला. किल्ली त्याच्या हातात होती. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाला, "थांब." फळीवरून गेज उचललं, उकिडवा बसला आणि चारही टायर स्वतः मोजले. मागचे दोन तर दोनदा.

मी बाजूला उभा राहिलो. मोजू दिलं.