तीन पायांची शर्यत

तंबाखूचा उग्र, तपकिरी वास आईच्या बोटांतून कधीच गेला नाही. सिन्नरच्या दोन खोल्यांत ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी शेजारी पानं कातरत पाठांतर करायची. तिला अक्षरओळख नव्हती. माझ्या प्रगतिपुस्तकातलं काही कळत नसे, म्हणून तिचा प्रश्न एकच असायचा, "कितवी आलीस?" पहिली म्हटलं की सूप बाजूला ठेवून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. त्या प्रश्नाचं बोट धरून मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. हे मी आजही ताठ मानेने सांगते, आणि का सांगू नये?

पण प्रश्नही वारशाने येतात. लग्न होऊन न्यू जर्सीला आले, प्रयोगशाळेत नोकरी धरली, आणि माझी आठ वर्षांची केतकी शाळेतून आली की पाठीवरची बॅग उतरायच्या आत मी तिला तेच विचारू लागले. गणितात ती चमकायची, धावण्यात मात्र मागे पडायची. पुढेपुढे जिमच्या, म्हणजे शाळेतल्या खेळाच्या तासाच्या दिवशी तिचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांना काही सापडेना. दर सोमवारी सकाळी ती पोट धरून पलंगावर बसायची आणि मी हतबुद्ध होऊन पाहत राहायची.

अशात शेजारच्या जपानी क्योको-सानने आम्हाला तिच्या मुलीच्या, मीकाच्या शाळेच्या क्रीडादिनाला नेलं. ही जपानी शाळा फक्त शनिवारी, एका अमेरिकन शाळेच्या इमारतीत भरायची. ऑक्टोबरचं निर्मळ, कोवळं ऊन, लालबुंद मेपल, दोरीवर फडफडणारी चिमुकली निशाणं, आणि गवतावर अंथरलेल्या निळ्या चटयांच्या काठाशी नीट लावलेल्या बुटांच्या ओळी! परक्या देशात, तिसऱ्याच देशाच्या उत्सवात मी बूट काढून मांडी घातली आणि मला विलक्षण घरच्यासारखं वाटलं. आपलेपणा कुठल्या वाटेने येईल, कोणी सांगावं? तिथे नुसतं बघायला कोणी आलंच नव्हतं. आईबाप, आज्या, सगळे उठून दोर ओढत होते, पडत होते, हसत होते.

दुपारी आई आणि मुलीची तीन पायांची शर्यत लागली. "सुनंदा-सान, यू अँड केतकी, प्लीज," क्योको-सान म्हणाली. केतकीचा हात पोटाकडे गेला. मी नको म्हणेपर्यंत मीकाने खाली बसून आमचे लगतचे घोटे कापडी पट्टीने एकत्र बांधूनही टाकले होते.

शिट्टी वाजली. मी सवयीने झेपावले, आणि तिसऱ्या पावलाला दोघी गवतावर आपटलो. उठलो, मी पुन्हा झेपावले, पुन्हा पडलो. बाकीच्या जोड्या केव्हाच पुढे गेल्या. आता ही रडणार, असं मला वाटलं.

"आई, यू आर पुलिंग मी," ती म्हणाली. मग गुडघ्यावरचं गवत झटकत, "तू नेहमीच ओढतेस."

माझ्या पदवीचा सगळा ताठा त्या गवतावर बसून राहिला. आईने मला ओढून काढावं अशी, तंबाखूच्या वासाची एक जागा खरोखरच होती. ही लेक तर उजेडातच जन्मलेली, तिला मी कुठून कुठे ओढत होते?

"मग तू मोज," मी म्हटलं. "मी तुझ्या मागून."

"मागून नाही गं. सोबत." आणि मीकाकडून शिकलेले आकडे तिने सुरू केले, "इची, नी." एक, दोन. तिच्या एवढ्याशा पावलाएवढंच पाऊल मी टाकलं. दोनदा चुकले, दोनदा तिने दटावलं, "आई, स्लो." "बरं, बाईसाहेब." मैदानात आम्ही दोघीच उरलो होतो. चटयांवरची माणसं आमच्याबरोबर मोजू लागली, इची, नी, इची, नी, आणि त्या संथ तालावर माझ्या दंडाला धरलेली तिची बोटं हळूहळू सैल होत गेली.

आम्ही शेवटच्या आलो. सगळ्या मुलांना मिळाली तशीच एक वही आणि पेन्सिल केतकीलाही मिळाली.

सोमवारी ती पोट न धरता बुटांच्या नाड्या बांधून शाळेत गेली, आणि जिमच्या तासाला पूर्ण मैदान धावली.